मदत हवी आहे : बाबांच्या एकसष्टीला कोणती गिटार घ्यावी?

बाबांची ही पहिलीच गिटार, आणि सकाळी त्यांची बोटं आखडतात. म्हणून नायलॉनच्या तारा नक्की. त्यांचा एकूण ताण स्टीलच्या जवळपास निम्मा असतो. अडचण नायलॉनच्या तारांच्या, म्हणजे क्लासिकल गिटारच्या मानेची आहे. नटपाशी (मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) ५२ मिमी रुंदी, त्यामुळे बारे कॉर्ड (एकाच बोटाने अनेक तारा आडव्या दाबून वाजवायचा स्वरमेळ) धरताना अंगठ्यावर भार येतो. ४८ मिमीची क्रॉसओव्हर (नायलॉनच्याच तारांची, पण अरुंद मानेची गिटार) खरंच सोपी जाते का? की ६५० ऐवजी ५८० मिमी स्केलची (तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी) लहान गिटार बरी?

शिवाय बाराव्या फ्रेटवर (मानेवरची धातूची आडवी पट्टी) जाड तारेची उंची ४ वरून ३.५ मिमी करायची, तर सॅडल (तारांचं खालचं टोक टेकतं ती पट्टी) खालून १ मिमी घासावं लागतं. जास्त घासलं की तार खडखडते. पावसाळ्यात लाकूड फुगून उंची वाढते, मग हे काम दिवाळीनंतर करावं का? एकसष्टी श्रावणात आहे, कृपया लवकर सांगा.