गोचीडतापातून उठलेली गाय, पॉझिटिव्ह पीसीआर आणि 'टॅम्स-१' प्रथिन

प्रश्न : दूध उत्पादक, कळमेश्वर (जि. नागपूर)

नमस्कार. माझ्या गोठ्यात सात संकरित गाई आहेत. जूनमध्ये दुसऱ्या वेताच्या एका गाईला १०५ अंश ताप भरला, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजली आणि दूध चौदा लिटरवरून तीनवर आले. गाठीतला स्राव सुईने काढून तपासला तेव्हा गोचीडतापाचा परजीवी थायलेरिया निघाला. ब्युपार्व्हाकोन हे औषध दिल्यावर गाय उठली. तीन महिन्यांनी रक्ताची काचपट्टी स्वच्छ आली, पण त्याच रक्ताचा पीसीआर (परजीवीचे जनुक शोधणारी तपासणी) पॉझिटिव्ह आला असून अहवालात 'टॅम्स-१' असे लिहिले आहे. हे परजीवीच्या पृष्ठभागावरचे प्रथिन आहे, एवढे वाचून कळले. मग कोणता अहवाल खरा मानावा? आणि हे प्रथिन इतके ओळखीचे आहे, तर त्याचीच लस का निघत नाही? द्रव नायट्रोजनमधली लस गावापर्यंत आणताना दरवेळी जीव मेटाकुटीला येतो.

उत्तर १ : पशुवैद्यक, काटोल

भाऊ, दोन्ही अहवाल खरे आहेत. गाय आजारातून बरी झाली आहे, परंतु थायलेरिया अॅन्युलाटा तिच्या तांबड्या पेशींत अत्यल्प संख्येने टिकून आहे. आम्ही अशा जनावराला वाहक म्हणतो. काचपट्टीवर जिम्सा रंग देऊन कितीही डोळे ताणले, तरी हजारो पेशींत एखादाच परजीवी असेल तर तो नजरेतून सुटतो. पीसीआरमध्ये मात्र त्याच्या जनुकाच्या असंख्य प्रती तयार होतात, म्हणून तो सापडतो. येथे एक बारकावा लक्षात घ्यावा : या चाचणीत टॅम्स-१ हे प्रथिन शोधलेले नाही, ते तयार करणारे जनुक शोधलेले आहे.

प्रथिनाचा प्रत्यक्ष वापर एलायझा चाचणीत होतो. परजीवीचे 'टास्प' नावाचे प्रथिन प्रयोगशाळेत तयार करून त्याविरुद्ध शरीराने बनवलेली संरक्षक प्रथिने, म्हणजे प्रतिपिंडे, जनावराच्या रक्तात आहेत का, हे त्यात पाहतात. संपूर्ण कळपाचा अंदाज घेण्यासाठी ही चाचणी उत्तम आहे. एकट्या गाईचा निर्णय मात्र तिच्यावर सोडू नये, कारण उपचारानंतर प्रतिपिंडे ओसरतात आणि परजीवी तसाच राहतो.

उत्तर २ : परजीवीशास्त्राची संशोधक विद्यार्थिनी, नागपूर

लसीबद्दल लिहिते, कारण माझ्या मते अडचण प्रथिनाच्या ओळखीची नसून ते कोणत्या अवस्थेत असते याची आहे. गोचीड चावताना लाळेतून परजीवीची जी पहिली अवस्था, म्हणजे स्पोरोझॉइट, सोडते, त्यांच्या अंगावर 'स्पॅग-१' हे प्रथिन असते. ते काही मिनिटांतच पांढऱ्या पेशीत शिरतात. प्रतिपिंडांना त्यांना अडवायला तेवढाच अवधी मिळतो. एकदा आत शिरल्यावर परजीवी शायझॉन्ट (पेशीच्या आत वाढणारी अवस्था) होऊन त्या पेशीलाच कर्करोगाच्या पेशीसारखे अनिर्बंध वाढायला लावतो, आणि आपल्या गाईची गाठ सुजली ती यामुळेच. या टप्प्यावर उपयोग होतो तो बाधित पेशी मारणाऱ्या पेशीय प्रतिकारशक्तीचा. टॅम्स-१ तर त्याही नंतर, तांबड्या पेशींत शिरणाऱ्या मेरोझॉइट या अवस्थेवर येते, म्हणजे तोवर गाय तापाने बसलेली असते. शिवाय त्याची रचना एकाच भागातल्या परजीवींतही वेगवेगळी आढळते. त्यामुळे त्याच्या प्रायोगिक लसीने अंशतःच संरक्षण मिळाले, याचे मला नवल वाटत नाही.

आफ्रिकेतल्या थायलेरिया पार्व्हा या दुसऱ्या जातीवर स्पॅग-१ चेच भावंड असलेल्या 'पी-६७' प्रथिनाची लस केनियात प्रत्यक्ष कळपांत तपासली गेली, तेव्हा तीव्र आजाराचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटले. प्रयत्न मोलाचा होता, पण होल्स्टीन गाईंच्या गोठ्याला निम्मे संरक्षण पुरत नाही. आपण आणता ती लस म्हणजे दीर्घकाळ पेशीसंवर्धनात वाढवून सौम्य केलेले जिवंत शायझॉन्ट असतात. ते पेशीय प्रतिकारशक्ती जागी करतात, म्हणून लस काम करते. ते जिवंत राहावेत म्हणून नायट्रोजन लागतो.

निदानाला न बदलणारे प्रथिन हवे असते. अॅनाप्लाझ्मा हा जिवाणू असला तरी त्याचे उदाहरण बोलके आहे : त्याचे 'एमएसपी-२' सतत रूप पालटते, तर 'एमएसपी-५' जवळपास तसेच राहते, म्हणून एलायझासाठी एमएसपी-५ निवडले गेले.

प्रश्नकर्ता

मॅडम, डॉक्टरसाहेब, आपण दोघांनी फार मोठा घोळ सोडवला. मग ही गाय कळपातून काढावी काय? आणि लस दिलेल्या कालवडींची एलायझा केली तर चालेल का?

उत्तर ३ : पशुवैद्यक, काटोल

गाय काढू नका. ती दूध देते आहे. विताना किंवा दुसऱ्या आजारात तिचा ताप रोज पाहा, कारण ताण पडला की दबलेला परजीवी उसळू शकतो. कालवडींची एलायझा करून उपयोग नाही, लसीची प्रतिपिंडे आणि आजाराची प्रतिपिंडे त्यात वेगळी ओळखता येत नाहीत.

खरी काळजी गोचिडांची घ्या. हायलोमा गोचिडाच्या पायांवर फिकट कडी दिसतात. ते जनावरावरून उतरून भिंतीच्या भेगांत लपते, तिथेच कात टाकते, आणि लहानपणी वाहक गाईकडून घेतलेला परजीवी मोठेपणी दुसऱ्या गाईला देते ते हेच गोचीड. गाईंच्या अंगावर औषध फवारून भेगा तशाच ठेवल्या तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तीच पाळी येईल. गव्हाणीमागची भिंत आधी लिंपून घ्या आणि त्या गाईचे दावे कालवडींपासून दूर बांधा.