काकडीच्या आळ्याशेजारी काय लावू? (नाशिक, कंपाउंडलगतची पट्टी)

अबोली
नमस्कार मंडळी. नाशिकला रो हाउसच्या कंपाउंडलगत ८ फूट लांब, ३ फूट रुंद पट्टी आहे. काळी माती, ऊन सकाळपासून एकपर्यंत. मागच्या पावसाळ्यात नुसत्या काकड्या लावल्या होत्या. वेल छान चढले, पण निम्म्या काकड्या वाकड्या, आणि कापल्या की आत अळ्या. शेवटी पानांवर पांढरी पूड बसली आणि सगळं आटोपलं. सोबत दुसरं काही लावून हे कमी होतं का? काकडीजवळ काय चालतं, काय नको? खर्च ५०० रुपयांच्या आत. औषध मारायचं नाही, मुलगा वेलावरची काकडी तिथंच तोडून खातो.

चाफेकळी
झेंडू! दुसरा विचारच करू नका. कोथरूडच्या माझ्या गच्चीवर काकडीच्या प्रत्येक पिशवीत एक झेंडू असतोच. कीड फिरकत नाही, मधमाश्या येतात, आणि दसऱ्याचं तोरण घरचं होतं. गेल्या वर्षी शेजाऱ्यांनाही फुलं दिली.

गच्चीवरचा मळा
ताई, सोबतीचं नंतर बघा, आधी ठिबक बसवून घ्या. मला टायमरसकट साडेचार हजार पडले, पण आठवडाभर गावाला गेलो तरी वेल टवटवीत. पाण्याचा ताण पडला की काकडी कडू होते, हे कुणी सांगत नाही.

रानफूल
+१ झेंडूला.

ओसरी
आम्ही रत्नागिरीकडचे. आमच्याकडे पावसात एकाच मांडवावर तवशी (मोठी काकडी), पडवळ, दोडकी सगळं चढतं. आजीच्या काळापासून हेच चालू आहे. मांडव उंच हवा आणि खालून वारा खेळायला हवा, बाकी वेल आपलं आपण बघतात. अळ्या म्हणजे फळमाशी. आंब्याला टांगतो तो रक्षक सापळा लावा. आमच्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला आहे.

मृद्गंध
सापळा ठीक, पण आतलं आमिष तपासून घ्या. आंब्याच्या माशीला मिथाइल युजेनॉल लागतं, वेलवर्गीय भाज्यांच्या माशीला क्यू ल्युअर. दुकानात नुसता 'फळमाशीचा सापळा' मागितला तर आंब्याचा हातात पडू शकतो, म्हणून नाव घेऊन मागा. शिवाय त्यात फक्त नर अडकतात. मादी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळी आतला गर खाते आणि मग मातीत उतरून कोष करते. किडकी काकडी खताच्या ढिगात टाकलीत तर माशी तुम्हीच पोसाल. पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा.

फळमाशीवर झेंडूचा भरवसा धरू नका. झेंडूच्या मुळांनी मातीतले सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म कृमी) कमी होतात, तेही त्या जागी आधी दाट झेंडूचं पीक घेतलं तर. कडेला दोन रोपं लावून मधमाश्या येतील, तेवढंच.

चाफेकळी
तेवढंच कसं? माझ्याकडे एकही अळी नाही!

मृद्गंध
चाफेकळीताई, उंच गच्चीवर आजूबाजूला दुसरे वेल नसतील तर माशी मुळातच कमी येते. नाशिकच्या भोवती भाजीचे मळे आहेत, तिथून ती येतच राहणार.

गोदाकाठ
चवळी लावा. जमिनीला नत्र मिळतं, शेंगाही मिळतात. बटाटा आणि दुसरे वेल मात्र जवळ नकोत. लाल भुंगेरा भोपळ्यावर आला की काकडीवर येतोच. रोप दोन पानांचं असताना सगळ्यात जास्त खातो. सकाळी गारठ्यात तो सुस्त असतो, तेव्हा वेचून साबणाच्या पाण्यात टाकायचा. आम्ही राखही धुरळतो, पण पावसात टिकत नाही.

मृद्गंध
चवळीचं नत्र बहुतेक तिच्याच कामी येतं. मुळं आणि पाला मातीत कुजला की मग पुढच्या पिकाला. आणि चवळीवर मावा हमखास. मावा काकडीवर मोझॅक (पानं चट्टेरी करणारा विषाणूचा) रोग नेतो, त्यामुळे मला ती जोडी इतक्या जवळ नको वाटते.

परदेशी परसबाग
न्यू जर्सीत आम्ही मका, घेवडा आणि काकडी एकत्र लावतो. इथल्या मूळ रहिवाशांची मका, घेवडा, भोपळा अशी जुनी पद्धत आहे, त्यावरून घेतलं. काकडीभोवती मुळाही पेरतो, इथल्या पट्टेरी भुंगेऱ्यासाठी.

रानफूल
कारलं किंवा दोडकं शेजारी असेल तर काकडी कडू होते. माझी झाली होती.

गच्चीवरचा मळा
पाणी कमी पडलं असेल. म्हणून ठिबक म्हणतोय.

मृद्गंध
कारल्याचा आणि काकडीचा संकर होतच नाही. आणि परागकण कुठलाही असो, त्या फळाचा गर बदलत नाही. कडूपणा कुकुरबिटासिनचा, म्हणजे या वेलांतल्याच एका कडू द्रव्याचा. पाण्याचा ताण, कडक ऊन किंवा ती जातच तशी, ही कारणं. इथे ठिबकवाल्यांशी सहमत, पण ८ फुटांना झारी पुरते.

अबोलीताई, वाकड्या काकडीची दोन कारणं असतात: माशीचा डंख किंवा अर्धवट परागीभवन. दुसऱ्यासाठी सोबतीचं झाड खरंच उपयोगी पडतं. शेपूची चार झाडं फुलू द्या, तुळशीच्या मंजिऱ्या खुडू नका. मधमाश्या येतात आणि शेपूच्या फुलांवर मावा खाणाऱ्या किड्यांचे प्रौढ येतात. न्यू जर्सीचा मकाही घ्या, पण आपल्या कारणासाठी: ही फळमाशी बराच वेळ मक्याच्या पानांवर बसून काढते. पट्टीच्या टोकाला चार ताटं असली की सापळा कुठे टांगायचा ते ठरतं.

पांढरी पूड म्हणजे भुरी, पानांवरची बुरशी. दाटी नको, खालची जुनी पानं काढत राहा. आणि सगळ्यात स्वस्त उपाय: मादी फूल सुकलं की लगेच कोवळ्या काकडीवर जुन्या ओढणीची पिशवी बांधा.

अबोली
सगळ्यांचे आभार. ठिबक बजेटबाहेर आहे, काका, ते लिहिलं होतं. काळ्या मातीत पाणी साचतं, म्हणून गादीवाफा करणार आहे. कारल्याचं मात्र विचारायचं राहिलं होतं. सासऱ्यांना मधुमेह आहे, घरचं कारलं हवं म्हणतात. मांडव एकच होईल.

गोदाकाठ
नका हो. दोन वेलांत एकच कीड, दुप्पट ताप.

रानफूल
कारलं नकोच.

चाफेकळी
कारल्याऐवजी झेंडू!

ओसरी
आमच्याकडे चालतं.

अबोली
ठरवलं. काकडीची दोन आळी, कारल्याचं एक, एकाच मांडवावर. सासरे रोज सकाळी खाली असतातच, भुंगेरे वेचणं आणि पिशव्या बांधणं त्यांनी घेतलंय. मध्ये शेपू, टोकाला मका. झेंडू नाही, तेवढी जागाच उरत नाही. क्यू ल्युअरचा सापळा, हिमांगी जातीच्या काकडीचं बी आणि बांबू, सगळं ५०० च्या आत बसतंय.

चाफेकळी
एक तरी झेंडू कुंडीत लावा. ऐका माझं.

मृद्गंध
कारलं आलं की पिशव्या कारल्यालाही बांधा, माशीला तेही आवडतं. मक्याचं बी वेलाच्या पंधरा दिवस आधी टोका, नाहीतर काकडी वर चढेल आणि मका खालीच राहील.