बॉलिंगचं कोणतं मासिक घ्यावं?

भाऊ, वर तुम्ही विचारलंय की टेनपिन बॉलिंगसाठी (चेंडू घरंगळवून दहा पिना पाडायचा खेळ) 'बोलर्स जर्नल' घ्यावं की 'बोलिंग धिस मंथ'. पहिलं 1913 साली शिकागोत सुरू झालेलं. त्यात स्पर्धा, खेळाडूंच्या मुलाखती, बॉलिंग सेंटरच्या धंद्याच्या बातम्या. वाचायला छान, पण खेळ सुधारायचा असेल तर दुसरंच घ्या. त्यात लेनवरचं (चेंडू घरंगळतो त्या पट्ट्यावरचं) तेल, बॉलची भोकं कुठे पाडायची, नेम कसा बदलायचा, हे मुळापासून असतं.

मी भुसावळचा, खेळायला मिळतं ते पुण्याला मुलाकडे गेलो की. म्हणून वाचलेलं लगेच करून पाहता येईल, असंच मला लागतं. साधं उदाहरण देतो. लेनला रुंदीत 39 फळ्या असतात. डावीकडची 4 नंबरची पिन उरली, तर उजव्या हाताने टाकणाऱ्याने स्ट्राइकच्या (पहिल्याच चेंडूत सगळ्या पिना पाडायच्या) जागेपासून पाय 6 फळ्या उजवीकडे न्यायचे, नेम लेनवरच्या त्याच बाणावर ठेवायचा. 7 नंबरला 9 फळ्या. हे कळेपर्यंत मी दरवेळी मनगट वळवून पिन चुकवायचो, मनगट दुखायचं ते वेगळंच! आता निम्म्या वेळा तरी पडते.

एक मात्र आहे, त्यातलं तेलाच्या पॅटर्नचं (लेनवर तेल कसं पसरलंय त्याचं) प्रकरण सुरुवातीला जड जातं. ते खुशाल मागे ठेवा, आधी स्पेअरचं, म्हणजे उरलेल्या पिना दुसऱ्या चेंडूत पाडायचं, वाचा.