सैन्यसेवेत सोबत बाळगायचा चाकू : तुमचा अनुभव काय सांगतो?

धाग्याची सुरुवात (निवृत्त सुभेदार, वानवडी)

माझ्या भाच्याचे प्रशिक्षण नुकतेच पूर्ण झाले असून पहिल्या नेमणुकीसाठी तो पुढच्या महिन्यात उत्तरेकडे, उंचावरच्या भागात जाणार आहे. परवा तो घरी आला, तेव्हा त्याने फोनवर एका चाकूचे छायाचित्र दाखवले. काळे पाते, आठ इंच लांबी, पाठीवर करवतीचे दाते आणि मुठीच्या टोकाला होकायंत्र. "मामा, हा घेऊ का?" असे त्याने विचारले. नको, एवढेच मी म्हणालो. पण का नको हे नीट सांगता येईना, कारण माझी सारी नोकरी स्टोअरमधून मिळालेल्या जुन्या ब्रिटिश धाटणीच्या घडीच्या चाकूवर निघाली आणि निवड करण्याची वेळ कधी आलीच नाही. पुण्यात फौजेतून निवृत्त झालेल्यांना तोटा नाही. म्हणून ज्यांनी चाकू खरोखर वापरला आहे त्यांना विनंती करतो, की आपण कोणता चाकू बाळगला, त्याने कोणते काम केले आणि तो कुठे कमी पडला, हे सविस्तर लिहावे. शौर्यकथा नकोत, दोरी, डबे आणि धार यांविषयी लिहावे.

निवृत्त हवालदार, बॉम्बे सॅपर्स (लष्कराचे अभियांत्रिकी दल), बोपोडी

सुभेदारसाहेब, आपल्या भाच्याने दाखवला तसाच चाकू मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून एका रविवारी घेतला होता. मूठ पोकळ होती आणि तिच्यात काड्यापेटी, गळ व सुई-दोरा ठेवण्याची सोय होती, याचे मला फार अप्रूप वाटले. मूठ पोकळ असेल तर पाते तिच्यात खोल जाऊ शकत नाही, ते तोंडाशीच कुठेतरी पेच मारून बसवलेले असते, हे तेव्हा डोक्यात आले नाही. तिसऱ्या आठवड्यात एका लाकडी पेटीचे झाकण उचकटताना पाते एका हातात आणि मूठ दुसऱ्या हातात आली. चूक अर्थातच माझी होती, कारण उचकटायला पहार असते आणि चाकू कापण्यासाठी असतो. पण ज्या चाकूचे पाते मुठीच्या शेवटापर्यंत सलग गेलेले असते, तो अशी एखादी चूक पोटात घालतो.

पाठीवरच्या दात्यांबद्दलही लिहितो. एवढ्याशा करवतीने मनगटाएवढी फांदीसुद्धा धड कापली जात नाही, कारण दाते लाकडात अडकतात आणि भुसा बाहेर पडायला वाट राहत नाही. जाड काटकी फोडायची झाली तर पाते तिच्यावर आडवे ठेवून पाठीवर दांडक्याने ठोकावे लागते, आणि पाठीवर दाते असले की दांडक्याचाच भुगा होतो.

त्यानंतर मी गावाकडच्या लोहाराकडून ट्रकच्या कमानपाट्याचा चाकू करून घेतला. पोलाद उत्तम होते आणि त्याने पाणीही चांगले दिले होते. पण पाते सहा मिलिमीटर जाड निघाले. इतके जाड पाते पाचरीसारखे वागते, म्हणजे कांदा चिरला जात नाही, तर फुटतो. वजन एवढे, की चालताना तो मांडीवर आपटत असे. शेवटी जो चाकू निवृत्तीपर्यंत टिकला, त्याचे पाते चार इंच लांब आणि तीन मिलिमीटर जाड होते, पाठ सपाट होती आणि दिसायला तो स्वयंपाकघरातल्या सुरीचा थोरला भाऊ वाटे.

आमच्या कामात नव्वद टक्के वेळा दोरीच कापायची असते. तराफ्याची बांधणी, वाळूच्या पोत्यांची तोंडे, कॅमफ्लाज नेटच्या गाठी. ओल्या नायलॉनवर दातेरी धार पटकन चालते हे खरे. पण दातेरी धार सपाट दगडावर लावता येत नाही, आणि सहा महिन्यांनी ती बोथट झाली, की तिचा काहीच उपयोग उरत नाही. साध्या धारेला अगदी गुळगुळीत न करता जरा खरबरीत दगडावरच सोडून दिले, तर तीही दोरीला चांगली धरते. नायलॉन कापल्यावर टोक लगेच लायटरने वितळवावे, नाहीतर सारा पीळ उलगडतो.

निवृत्त नायक, सिग्नल्स, धानोरी

हवालदारसाहेबांशी मी एका बाबतीत असहमत आहे. तारेच्या कामात नुसता चाकू निरुपयोगी ठरतो, कारण फील्ड केबलमध्ये तांब्याबरोबर पोलादाचेही तंतू असतात आणि चाकूने ती दोनदा कापली, की धारेला खळगे पडतात. आम्हाला पक्कड लागते. म्हणून मी पक्कडवाले घडीचे हत्यार वापरले, ज्याला सगळेच जण लेदरमन म्हणतात. लेदरमन कंपनीचा वेव्ह हा नमुना सुमारे 240 ग्रॅम भरतो, म्हणजे पट्ट्यावर तो जाणवतो. त्यातला चाकू दुय्यम दर्जाचा आहे हे मान्य करतो, पण एकच वस्तू न्यायची असेल तर मी तीच नेईन.

निवृत्त सुभेदार, पायदळ, धनकवडी

भाचा उंचावर जाणार आहे असे वाचले, म्हणून जरा लांबण लावतो. हिमनदीवर मी दोन हिवाळे काढले आहेत आणि तिथे चाकूचे सगळे गणित बदलते.

पहिली गोष्ट हातमोज्यांची. घडीच्या चाकूचे पाते नखाच्या खाचेत नख घालून उघडावे लागते. जाड हातमोजा घातला की नख कुठले आणि खाच कुठली! मोजा काढावा, तर उणे तीस-चाळीस अंशांत उघड्या बोटांनी धातूला हात लावणे म्हणजे हिमदंशाला आमंत्रण देणे आहे. बिजागरीत तेल घातलेले असले तर ते थंडीत घट्ट होते, आणि तेल पुसून टाकले तर बर्फाचे पाणी आत शिरून गोठते. माझा घडीचा चाकू असाच तंबूच्या दोरीपाशी हटून बसला. शेवटी सोबत्याने आपला चाकू दिला आणि त्या दिवसापासून मी घडीचा चाकू पिशवीत ठेवून दिला.

त्याचा चाकू स्वीडनमधल्या मोरा गावच्या बनावटीचा होता. पाते जेमतेम दहा सेंटिमीटर लांब आणि अडीच मिलिमीटर जाड, मूठ रबरासारखी आणि म्यान प्लास्टिकचे. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो भाजीवालीकडच्या सुरीसारखा वाटला आणि मी हसलो होतो. पण मुठीला कुठेही उघडा धातू नसल्यामुळे तो थंडीत हाताला डसत नसे, आणि मोज्यासकट पकड बसत असे. म्यान चामड्याचे नसावे, हेही तिथेच शिकलो. चामडे ओल धरते, ती ओल गोठते आणि चाकू म्यानातच चिकटून राहतो.

कामे अगदी साधी होती. बर्फात रुतलेल्या तंबूच्या दोऱ्या सोडवणे, रॉकेलच्या कॅनचे सील कापणे, डबे फोडणे आणि बुटाला बसलेले बर्फाचे थर खरवडणे. मात्र एक गोष्ट भाच्याला आवर्जून सांगावी. दोरावर ताण असताना त्याच्या आसपास चाकू उघडू नये. ढिला दोर कापायला जोर लागतो, पण ज्या दोरावर माणसाचे वजन आहे तो धारेचा नुसता स्पर्श झाला तरी तुटतो. एकमेकांना दोराने बांधून चालताना आमचा चाकू म्यानात आणि म्यान सदऱ्याच्या आत असे, आणि हा नियम मोडणाऱ्याला उस्तादाच्या तोंडून जे ऐकावे लागे ते इथे लिहिण्याजोगे नाही.

चाकू हरवतोच, हे गृहीत धरावे. भुसभुशीत बर्फात पडलेली वस्तू पुन्हा दिसत नाही. म्हणून मुठीला हातभर भगवी दोरी बांधावी आणि महागड्या वस्तूच्या मागे लागू नये.

निवृत्त नर्सिंग असिस्टंट, घोरपडी

जखमी जवानाचे कपडे कापण्यासाठी चाकू वापरू नये, एवढे एकच सांगायला आलो आहे. रक्ताने भिजलेले कापड हातातून निसटते, माणूस वेदनेने हलतो आणि चाकूचे टोक कुठे जाईल याचा नेम नसतो. त्यासाठी खालचे टोक बोथट व चपटे असलेली वाकडी कात्री मिळते. ती कातडीवरून सरकत जाते आणि बुटाचे चामडेसुद्धा कापते. भाच्याच्या पिशवीत चाकूआधी ती असावी.

निवृत्त पेटी ऑफिसर, नौदल, लोणावळा (सध्या चिंचवड)

इथे सगळे जमिनीवरचे लोक आहेत, म्हणून समुद्राची बाजू मांडतो. खलाशाच्या चाकूला टोक नसते. धार सरळ असते आणि पाठ पुढे वळून तिला येऊन मिळते, त्यामुळे हलत्या डेकवर तोल गेला तरी चाकू कोणाच्या पोटात घुसत नाही. दुसऱ्या बाजूला जाड, टोकदार सळईसारखा स्पाइक असतो, जो दोरखंडाच्या आवळलेल्या गाठी सैल करायला लागतो. गोड्या पाण्याने धुऊन पुसला नाही, तर साध्या पोलादाचा चाकू खाऱ्या हवेत एका रात्रीत तांबडा होतो. म्हणून आमच्याकडे क्रोमियम असलेले न गंजणारे पोलादच हवे. हिमालयात हा प्रश्न तितका नाही, पण भाच्याची पुढची नेमणूक कोकण किनाऱ्यावर किंवा ईशान्येकडच्या पावसात झाली तर त्याला हे आठवेल.

वीरपत्नी नव्हे, साधी फौजीपत्नी, खडकी

आमचे हे निवृत्त झाले तेव्हा पंचवीस वर्षांचा चाकूंचा संग्रह घरी आला. त्यातले मोठे, काळे आणि दातेरी सगळे माळ्यावर आहेत. स्विस बनावटीचा लाल मुठीचा लहान चाकू मात्र अजून रोज वापरात आहे, त्याच्या डबा फोडण्याच्या पात्यासकट. हा चाकू करणाऱ्या घराण्याने 1891 पासून स्विस सैन्याला चाकू पुरवले असे हे सांगतात आणि पाहुण्यांनाही ऐकवतात. मला एवढेच ठाऊक आहे, की बोहरी आळीतून आणलेल्या दहा बाय चार इंचांच्या दुपदरी दगडावर तो पाच मिनिटांत धार धरतो आणि त्याला आठवडाभर पाहावे लागत नाही. ह्यांच्या एका महागड्या चाकूचे पोलाद इतके कडक आहे, की त्याला धार लावायला हिऱ्याची पट्टी लागते. चौकीवर तुम्ही ती पट्टी कुठून आणणार?

निवृत्त अधिकारी, पायदळ, कोंढवा

मी गोरखा पलटणीत होतो आणि मला अनेकदा विचारले जाते, की खुकरी घ्यावी काय. खुकरीच्या म्यानात मागच्या बाजूला आणखी दोन लहान पाती असतात, हे पुष्कळांना माहीत नसते. त्यातले एक म्हणजे चकमक, तिला धार नसते. ती खुकरीची धार सरळ करायला आणि ठिणगी पाडायला असते. दुसरे म्हणजे करदा, लहानसा चाकू. माझे जवान लाकूड तोडायला आणि बकरा कापायला खुकरी काढत, पण बटाटा सोलायला, दोरी कापायला किंवा पायातला काटा काढायला करदाच बाहेर येई.

वकील, शिवाजीनगर

विषयाला धरूनच, पण गणवेशाबाहेरचे दोन शब्द. 2016 च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू धारदार शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या वा औद्योगिक कामासाठी घडवलेले त्यातून वगळले आहेत. याखेरीज महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली पोलीस आयुक्त वेळोवेळी मनाई आदेश काढतात आणि त्या काळात चाकू जवळ बाळगून रस्त्यावर फिरण्यालाच मज्जाव असतो. सुट्टीवर आलेल्या जवानाने तो पट्ट्याला लावून लक्ष्मी रस्त्यावर हिंडू नये. विमानाने जाताना तो हातातल्या सामानात चालत नाही, चेक-इनच्या सामानात गुंडाळून द्यावा.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. भाच्याला सगळे वाचायला दिले. सिग्नल्सवाल्या नायकसाहेबांची पक्कड त्याला पटली. पण मोज्यांचा परिच्छेद वाचून त्याने कपाटातले माझे लोकरीचे मोजे घातले आणि माझा जुना घडीचा चाकू उघडून पाहिला. चार मिनिटे खटपट करून त्याने तो टेबलावर ठेवला. काल रविवार पेठेत जाऊन त्याने दहा सेंटिमीटर पात्याचे, प्लास्टिकच्या म्यानाचे दोन साधे चाकू घेतले, एक वापरायला आणि एक हरवल्यावर वापरायला, शिवाय एक दगड आणि बोथट टोकाची कात्री. होकायंत्राचे काय, असे मी विचारले, तर ते पलटण देते म्हणाला. भगवी दोरी मात्र त्याला कुठे मिळाली नाही, म्हणून त्याच्या आईने गणपतीच्या आरासातली उरलेली दोरी काढून दिली आहे आणि आत्ता तो दोन्ही मुठींना गाठी मारत बसला आहे.