उत्तर : ब्रिटनचं औदार्य?

वर लिहिलंय की १९७२ मध्ये ब्रिटनने युगांडातल्या आशियाईंना (बहुतेक भारतीय वंशाचे) घेतलं ते निव्वळ माणुसकीपोटी. युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने त्यांना नव्वद दिवसांत देश सोडा म्हटल्यावर सुमारे २७-२८ हजार लोक तिकडे गेले, हे खरंच. पण त्यातल्या बहुतेकांकडे ब्रिटिश पासपोर्टच होता हो! १९४८ च्या कायद्याने वसाहतींतल्या प्रजेला ब्रिटनचं दार उघडं होतं. १९६२ मध्ये ते अर्धं लोटलं. १९६८ मध्ये केनियातून आशियाई यायला लागले तशी संसदेने तीन दिवसांत कायदा उरकला: आई-बाप किंवा आजी-आजोबांपैकी कोणी ब्रिटनचं नसेल तर पासपोर्ट असूनही अडवणार. म्हणजे घेतलं ते आधी मोडलेल्या शब्दापायी.

आमच्या गोव्यात, म्हापशाकडे नैरोबी-कंपाला करून आलेल्यांची घरं आहेत, त्यामुळे हा विषय इथे परका नाही. गोवा आधी पोर्तुगालचा, म्हणून पुढे लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडातल्या स्विंडनला जायची वाट सापडली, तीही ब्रेक्झिटने (ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्याने) २०२० अखेर नव्यांना बंद झाली. आणि तो पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व जातं, हे कित्येकांना उशिरा कळलं.