ओल्ड इंग्लिशमधे पिठाला काय म्हणायचे?

तळटीप:
इंग्लिशमधे पीठ आणि फूल, दोन्हीचा उच्चार सेम, फ्लॉवर. स्पेलिंग तेवढं वेगळं. डिक्शनरीत बघितलं तर पिठाचा फ्लॉवर फ्रेंचमधून तेराव्या शतकाच्या आसपास आला असं दिलंय. मग त्याच्या आधी ओल्ड इंग्लिश बोलणारी अँग्लो-सॅक्सन मंडळी (तेव्हाचे इंग्लंडचे लोक) काय नुसते दाणे चावत होती का? काहीतरी शब्द असणारच ना, तो गेला कुठे?

जुनाट_शब्द:
कुठे गेला नाही, आहे अजून. मेलू. त्याचाच पुढे मील झाला, ओटमील, होलमील मधला. जर्मन आणि डचमधे पिठाला आजही मेल म्हणतात, मूळ एकच, दळणे. फक्त जेवणाचा मील याच्यात मिसळू नका, तो वेगळा, मॅल म्हणजे ठरलेली वेळ किंवा माप, पीसमील (तुकड्यातुकड्याने) मधे आहे तोच.

फ्रेंचमधे दळलेल्या पिठातला सगळ्यात बारीक, चाळून काढलेला भाग म्हणजे पिठाचं 'फूल', फूल म्हणजे उत्तम अंश ह्या अर्थाने. तोच शब्द इकडे आला, म्हणजे सुरुवातीला फ्लॉवर हे फक्त भारी पीठ आणि जाडंभरडं ते मील. स्पेलिंग तर कितीतरी नंतर वेगळं झालं, सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या प्रसिद्ध इंग्लिश डिक्शनरीत सुद्धा फूल आणि पीठ एकाच शब्दाखाली आहेत. आणि गंमत म्हणजे लॅटिनमधे पोलन म्हणजे बारीक पीठ, परागकणांना ते नाव नंतर चिकटलं!

पाणचक्की:
वरच्यात भर. लॉर्ड आणि लेडी हे दोन्ही शब्द पिठाच्याच घरातले. ह्लाफ म्हणजे ब्रेड (आजचा लोफ), ह्लाफवेअर्ड म्हणजे ब्रेड राखणारा, तो झिजत झिजत लॉर्ड झाला. ह्लॅफ्दिये म्हणजे ब्रेडसाठी कणीक मळणारी, ती लेडी. आणि नोकर कोण, तर ह्लाफॅता, ब्रेड खाणारा. हा शब्द केंटचा राजा एथेलबर्ट याच्या कायद्यात आहे, साधारण इ.स. ६०० च्या सुमाराचा. कोण कोणाच्या अन्नावर आहे हे नावातच सांगून टाकलंय.

तळटीप:
लेडी म्हणजे कणीक मळणारी?? हे भारीच.

शंकासुर:
भारी आहे पण जरा हात आखडता घ्या. लेडीमधला 'दिये' हा तुकडा दुसरीकडे सुटा सापडत नाही, दाग म्हणजे कणकेचा गोळा (आजचा डो) त्याच्याशी तो जोडतात, पटण्यासारखं आहे, पण लिखित ओल्ड इंग्लिशमधे हा शब्द येतो तेव्हा अर्थ सरळ 'मालकीण' असाच असतो, तिथे कोणी पिठात हात घालून बसलेली नाही. त्यापेक्षा डेअरी बघा, डाये म्हणजे आधी मळणारी बाई, मग घरातली मोलकरीण, मग दूधदुभतं बघणारी, ही साखळी नीट दिसते.

मला स्वतःला ह्यापेक्षा जात्याचं प्रकरण जास्त इंटरेस्टिंग वाटतं. हाताने फिरवायचं जातं, क्वेऑर्न, हा शब्द घरचा, जर्मॅनिक, म्हणजे जर्मन-डचच्याच कुळातला. पण मिल म्हणजे म्युलेन, तो लॅटिन मोलिना वरून उचललेला. म्हणजे घरातलं जातं आपलं, गिरणीचं नाव परक्यांचं. आणि १०८६ च्या डूम्सडे बुकात (राजाने करवलेली जमीन-मालमत्तेची नोंदवही) इंग्लंडात सुमारे ६,००० गिरण्या नोंदल्यात! चाळणीतही तेच, सिफे आणि सिफ्तान (आजचे सिव्ह, सिफ्ट) घरचे, पण कापडातून पीठ बारीक चाळायच्या कामाला फ्रेंच बोल्ट. बोल्टर आडनाव त्यातलंच असणार.

जुनाट_शब्द:
बॅक्स्टर पण घ्या, बॅकेस्ट्रे वरून, मुळात भट्टी लावणाऱ्या बाईसाठी. बाकी हात आखडता घ्या हे मान्य.

तळटीप:
मस्त माहिती, थँक्स सगळ्यांना. शेवटचं एक विचारतो, पीठ फुगवायच्या यीस्टला पण असाच घरचा शब्द होता का?

पाणचक्की:
यीस्ट स्वतःच घरचा आहे, गिस्ट. शिवाय बेऑर्मा, म्हणजे बार्म, बिअरवर येणारा फेस, तोच कणकेत घालायचे. डोक्यात असा फेस झालेला माणूस तो बार्मी, अर्धवट.