पीजे बेस गिटारचे पिकअप बदलावेत का, आणि बदलायचे तर कोणते?

खर्जप्रेमी

नमस्कार. माझ्याकडे चार तारांची, बॅटरी नसलेली पीजे बेस गिटार आहे. नेकच्या बाजूला प्रिसिजन (पी) पद्धतीचा दोन तुकड्यांचा पिकअप, म्हणजे तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणारा भाग, ब्रिजजवळ जॅझ (जे) पद्धतीचा पिकअप, दोन व्हॉल्यूम आणि एक टोन अशी तिची रचना आहे. गिटार कमी किमतीची असली तरी नेक सरळ आहे, फ्रेट व्यवस्थित आहेत आणि हात तिच्यावर चांगला बसला आहे, त्यामुळे ती विकून दुसरी घेण्यापेक्षा हिचेच पिकअप बदलावेत असे वाटते.

माझ्या तक्रारी तीन आहेत. जॅझ पिकअप एकटा चालू केला की हमिंग, म्हणजे विजेची सततची गुणगुण, येते आणि मंडपात एलईडी दिव्यांची माळ किंवा डिमर जवळ असला तर ते असह्य होते. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की आवाज वाढण्याऐवजी पोकळ होतो. शिवाय आमच्या अभंगांच्या कार्यक्रमात पखवाज आणि तबल्याचा डग्गा एकत्र वाजू लागले की माझे स्वर त्यांच्यात मिसळून जातात. काहीतरी खाली घुमते आहे एवढेच प्रेक्षकांना कळते. घरी आठ इंची स्पीकरचा छोटा अँप्लिफायर आहे आणि कार्यक्रमात डीआय बॉक्समधून (गिटारचा संकेत मिक्सरला जुळवून देणाऱ्या पेटीतून) थेट मिक्सरला जातो.

सेमूर डंकन कंपनीचा क्वार्टर पाउंड पिकअप घ्यावा, जुन्या पद्धतीचा साधा संच घ्यावा की सरळ ईएमजी कंपनीचा बॅटरीवर चालणारा अ‍ॅक्टिव्ह संच बसवावा, याविषयी मार्गदर्शन करावे. केबलचे सोल्डरिंग मी स्वतः करतो, पण गिटारच्या आत अजून हात घातलेला नाही.

मंद्रसप्तक

आपल्या तीन तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत आणि त्यांतली एकच खऱ्या अर्थाने पिकअपची आहे, म्हणून खरेदीआधी त्या वेगळ्या करून पाहाव्यात.

प्रथम हमिंग. १९५१ मध्ये आलेल्या पहिल्या फेंडर प्रिसिजन बेसमध्ये एकच साधी कॉइल (बारीक तारेचे वेटोळे) होती आणि तीही हमिंग करत असे. १९५७ मध्ये तिचे दोन तुकडे झाले. एका तुकड्याचे चुंबक आणि वेटोळ्यांची दिशा दुसऱ्याच्या उलट ठेवल्यामुळे तारांचा संकेत एकत्र येतो, पण बाहेरून दोन्ही कॉइलमध्ये सारखाच शिरणारा विजेचा आवाज परस्परांना छेद देतो. १९६० च्या जॅझ बेसमध्ये दोन साधे पिकअप एकमेकांच्या उलट असतात, म्हणून दोन्ही व्हॉल्यूम सारखे उघडले की हमिंग जवळजवळ नाहीसे होते. पीजे रचनेत मात्र जॅझ पिकअपला असा जोडीदारच नसतो. पी पिकअप स्वतःपुरता शांत असतो आणि जे एकटाच हमिंग करत राहतो. दोन्ही उघडल्यावर ते थोडे कमी होते, पण जात नाही. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते की जॅझच्या जागी कितीही महागडा साधा सिंगल कॉइल बसवला तरी आपली पहिली तक्रार जशीच्या तशी राहील. तेथे आतून दोन कॉइल असलेला, म्हणजे स्प्लिट किंवा स्टॅक रचनेचा जे पिकअप लागेल. डिमार्झिओचा मॉडेल जे हा हमिंग न करणाऱ्या जे पिकअपपैकीच एक आहे.

त्याआधी एक परीक्षा करावी. जे पिकअप एकटा चालू ठेवून गिटारसह जागेवर हळूहळू फिरावे. दिशेप्रमाणे हमिंग कमीजास्त होत असेल तर ते ट्रान्सफॉर्मर आणि वायरिंगच्या चुंबकीय क्षेत्रामुळे कॉइलमध्ये येते आहे आणि कॉपर टेप लावून ते थांबणार नाही. तारांना हात लावताच आवाज बराच कमी होत असेल तर तो कमी होणारा भाग विद्युत क्षेत्राचा आहे. आतल्या पोकळीला कॉपर टेप लावून ती अर्थला जोडली की तो घटतो. हात लावल्यावर आवाज वाढला तर आतली अर्थची जोडणी चुकलेली आहे आणि नवा पिकअप घेण्याचे कारणच नाही.

आता पोकळ आवाज. तारेच्या दोन वेगवेगळ्या बिंदूंवर ऐकणारे पिकअप एकत्र केले की काही मधल्या कंपनांचे वजाबाकीने नुकसान होते आणि हे सर्व पीजे गिटारांत थोडेफार घडते. जे पिकअपचा व्हॉल्यूम किंचित मागे घेतला की आवाज पुन्हा भरतो. मात्र दोन्ही उघडल्यावर खर्जच निघून जात असेल आणि आवाज किरकिरा, बारीक होत असेल तर दोन पिकअप एकमेकांच्या उलट फेजमध्ये, म्हणजे एकाचा संकेत दुसऱ्याचा खोडेल असे, जोडलेले आहेत. अशा वेळी पी पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल केली की काम होते.

सोल्डरवाला

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. मी केवळ मोजमापे आणि जोडणी यांविषयी लिहितो, कारण बहुतेकांची निराशा पिकअपच्या दर्जामुळे नव्हे, तर तो खाचेत न बसल्यामुळे होते.

दोन तुकड्यांचा पी पिकअप बहुतेक चार तारांच्या गिटारांत एकाच आकाराचा असतो. जे पिकअपच्या मात्र दोन लांब्या असतात: नेकजवळचा सुमारे ९२ मिलिमीटर आणि ब्रिजजवळचा सुमारे ९४ ते ९५ मिलिमीटर. पीजे गिटारमध्ये तो ब्रिजजवळ आहे म्हणून लांबच असेल असे गृहीत धरू नये. स्वस्त गिटारांत कधीकधी आखूड पिकअपच तेथे बसवलेला असतो आणि मग नवा पिकअप आल्यावर लाकूड घासत बसावे लागते. कव्हरची लांबी, रुंदी, स्क्रूच्या जागा आणि खाचेची खोली मोजूनच ऑर्डर द्यावी. परदेशातून मागवलेल्या पिकअपवर सीमाशुल्क भरून झाल्यावर तो परत पाठवण्याचा व्यवहार कोणालाच परवडत नाही.

मल्टीमीटरवर जो किलोओहमचा आकडा दिसतो त्यावरून पिकअपची ताकद ठरवू नये. प्रिसिजन पद्धतीच्या पिकअपचा रोध साधारण १० ते ११ किलोओहम आणि जॅझचा ७ ते ८ किलोओहमच्या आसपास असतो, पण तार अधिक बारीक वापरली तरी तो आकडा वाढतो आणि आवाज वाढतोच असे नाही. कॉइल तुटलेली नाही एवढे त्यातून नक्की कळते.

पॉट (घुंड्यांखालचे बदलते रोध) आणि कपॅसिटर तपासून घ्यावेत. पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी न लागणाऱ्या, पिकअपला २५० किलोओहमचे पॉट हे जुने आणि योग्य प्रमाण आहे. ५०० चे लावले तर वरचे स्वर अधिक तीव्र होतात, जे बेसवर प्रत्येकाला आवडत नाही. टोनसाठी ०.०४७ मायक्रोफॅरडचा साधा कपॅसिटर पुरेसा आहे आणि टोनची घुंडी पूर्ण उघडी असताना त्याचा परिणाम जवळजवळ ऐकूच येत नाही, त्यामुळे त्यासाठी तेलाचे महागडे कपॅसिटर शोधत फिरू नये. हे सर्व मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळते. फक्त पॉटचा दांडा आपल्या घुंडीत बसतो का, हे जुना पॉट सोबत नेऊन पाहावे.

ईएमजीबद्दल. तो संच शांत आहे आणि त्याच्या जोडण्या बिनसोल्डरच्या असतात, हे खरे. पण त्याला २५ किलोओहमचे पॉट, ९ व्होल्टची बॅटरी, ती ठेवायला जागा आणि बॅटरी चालू-बंद करणारा स्टिरिओ जॅक लागतो. केबल खोचलेली राहिली तर बॅटरी रात्रभर खर्च होत राहते. एक ईएमजी आणि एक पॅसिव्ह अशी जोडी मात्र करू नये, कारण दोघांना लागणारे पॉट वेगळे असल्यामुळे एकाचा व्हॉल्यूम फिरवताच दुसऱ्याचा समतोल बिघडतो.

सुरक्षेची एक गोष्ट अवांतर वाटली तरी लिहितो. अनेक सभागृहांतील तीन पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थच्या भोकाला आत काहीच जोडलेले नसते. तारांवर हात ठेवून माइकला ओठ लागताच झिणझिण्या येत असतील तर वाजवणे थांबवून वीजतंत्र्याला बोलवावे. हमिंग जाते म्हणून अर्थची पिन काढून टाकणे हा उपाय जिवावर बेतू शकतो.

चारतारा

मला थोडे विरोधी मत मांडायचे आहे. तिसरी तक्रार, म्हणजे पखवाजात स्वर बुडणे, यात पिकअपचा वाटा सर्वांत कमी आहे.

मोकळ्या ई तारेचे मूळ कंपन सुमारे ४१ हर्ट्झ असते. आपला घरचा आठ इंची स्पीकर ते धडपणे ऐकवूच शकत नाही. तेथे आपण ऐकता ते प्रामुख्याने ८२ हर्ट्झ आणि त्यावरचे स्वरांश. कान त्याला सरावला की आपण खालची घुंडी वाढवता आणि तीच मांडणी मंडपातल्या मोठ्या सबवूफरवर गेली की पखवाजाच्या धुमेचा आणि बेसचा एकच गोळा होतो. मिक्सरवर बेसचा अगदी तळ थोडा कापून २०० ते ८०० हर्ट्झचा पट्टा जपला, तर मृदंगाच्या शेजारीही स्वराचे नाव ओळखू येते. एकट्या पी पिकअपचा जोर नेमका याच मधल्या पट्ट्यात असतो, म्हणून अभंगांना मी जे पिकअप पूर्ण बंद ठेवण्याचाच सल्ला देईन. क्वार्टर पाउंडचे पोल पीस (तारांखालचे चुंबकी खांब) पाव इंच जाडीचे असतात आणि त्याचा आवाज दणकट, आक्रमक आहे. रॉकला तो शोभतो, पण टाळ-पखवाजाच्या साथीला मी जुन्या धाटणीचा साधा पी पिकअपच पसंत करतो.

खर्च करण्यापूर्वी नव्या तारा लावून पिकअपची उंची बसवावी. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पोल पीस आणि तार यांच्यात पातळ तारांकडे सुमारे २ आणि जाड तारांकडे सुमारे ३ मिलिमीटर अंतर ठेवून सुरुवात करावी. फार जवळ नेले तर चुंबक तारेला ओढतो आणि वरच्या फ्रेटवर जाड तारेचा स्वर डगमगतो. जे पिकअप ब्रिजजवळ असल्यामुळे तेथे तार कमी हलते, म्हणून तो पी पेक्षा थोडा जवळ असावा लागतो. अनेक गिटारांवर पी थोडा खाली घेतला तरी समतोल साधतो.

केबलकडेही पाहावे. पॅसिव्ह पिकअपला प्रत्येक मीटर केबल साधारण १०० पिकोफॅरडचा भार घालते आणि दहा मीटरची केबल वरची झळाळी स्पष्टपणे कमी करते.

खर्जप्रेमी

तिघांचेही मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे तपासून पाहिले. गिटार घेऊन फिरल्यावर हमिंग दिशेप्रमाणे स्पष्टपणे बदलते आणि तारांना हात लावल्यावरही थोडे कमी होते. दोन्ही पिकअप उघडल्यावर खर्ज शिल्लक राहतो, फक्त मधला भाग दबतो. जे पिकअपचे कव्हर ९४ मिलिमीटरच्या किंचित वर भरले. पी पिकअप खाली घेऊन नव्या तारा लावल्यावर तो मला पुष्कळच आवडू लागला आहे. तर मग फक्त जे पिकअप बदलला तर चालेल का?

मंद्रसप्तक

चालेल, आणि मला तेच योग्य वाटते. आपली जोडणी फेजमध्ये आहे आणि पी पिकअप निरोगी आहे, तेव्हा त्याला हात लावू नये. ९४ मिलिमीटरच्या मापाचा, म्हणजे ब्रिजसाठीचा लांब जे पिकअप मागवावा. स्टॅक रचनेत खालची कॉइल केवळ हमिंग पकडण्यासाठी असते, त्यामुळे आवाजाचा तीक्ष्णपणा थोडा घटू शकतो. स्प्लिट रचनेत प्रत्येक कॉइल दोन तारा सांभाळते आणि आवाज भरीव राहतो. आपला पी पिकअप जोरकस असल्याने मी स्प्लिट निवडेन.

वेगळ्या कंपनीचा पिकअप आल्यामुळे फेज उलटी होण्याची शक्यता असते. म्हणून वायरी आधी तात्पुरत्या जोडून, दोन्ही व्हॉल्यूम उघडून ऐकावे आणि खर्ज गेला तर नव्या पिकअपच्या वायरी उलटाव्यात. त्याच्या कव्हरला किंवा शील्डला जोडलेली वेगळी वायर असेल तर ती मात्र नेहमी अर्थवरच ठेवावी. पोकळी उघडलेलीच आहे तर कॉपर टेपही त्याच वेळी लावून घ्यावी. तारांना हात लावल्यावर कमी होणारा भाग तिनेच जाईल. टेपचे तुकडे एकमेकांना सोल्डरच्या थेंबाने जोडावेत, कारण सर्वच टेपचा गोंद वीज वाहून नेत नाही, आणि जॅकचे गरम, म्हणजे संकेत वाहणारे, टोक टेपला टेकत नाही ना, हे झाकण लावण्यापूर्वी मल्टीमीटरने पाहावे.